कर्त्याची जागा

पाकीट फोडताना कागदाची कड तिच्या तर्जनीत शिरली आणि रक्ताचा बारीक थेंब वर आला. बोट तोंडात घालून तिने डाव्या हाताने आतलं पुस्तक बाहेर ओढलं. राखाडी बांधणी, वर पांढरी अक्षरं: इंग्रजी आणि चेक वाक्यरचनेची तुलना. खाली सरांचं नाव. सोबत एका प्रकाशन संस्थेच्या संपादिकेची चिठ्ठी होती. या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाची आता चेक आवृत्ती काढायची आहे, तुमच्या कचेरीतून येणारी चेक फार नितळ असते, तेव्हा हे काम तुमच्याकडेच द्यावं असं वाटतं. चिठ्ठी तिने दोनदा वाचली. तोंडात रक्ताची लोखंडासारखी चव पसरत होती. समोरच्या टेबलावरचा, करारनाम्यांची भाषांतरं करणारा गृहस्थ डब्याचं झाकण उघडता उघडता थबकला. "काय हो बाई, चेहरा का असा? काही वाईट बातमी?" बोट तसंच तोंडात ठेवून ती म्हणाली, "नाही. चांगली आहे." आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, की हे खोटं नाही.

त्या कचेरीत ती बावीस वर्षं बसत होती. कपडे धुण्याच्या यंत्रांची, पाण्याच्या पंपांची, दात घासायच्या विजेच्या ब्रशांची माहितीपत्रकं इंग्रजीतून चेकमध्ये आणि चेकमधून इंग्रजीत करायची. वापरणाऱ्याने झाकण घट्ट बंद करावे. वापरणाऱ्याने ओल्या हाताने बटण दाबू नये. कागदावर नाव कचेरीचं जायचं, करणाऱ्याचं नाही, आणि तिलाही ते सोयीचं झालं होतं. आपलं नाव कुठे छापलेलं बघायची हौस तिची सत्ताविसाव्या वर्षीच फिटली होती. त्याआधी मात्र हौस होती, आणि दांडगी होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे एक अरुंद खोली होती, खिडकी उत्तरेला, उन्हाचा कवडसासुद्धा यायचा नाही. तिथे चार वर्षं बसून तिने अकराशे चाळीस कार्डं लिहिली होती. वरच्या अर्ध्यात इंग्रजी वाक्य, खालच्या अर्ध्यात तेच चेकमध्ये, समासात तिची बारीक टिपणं. ताई तेव्हा रुग्णालयात परिचारिका होती, दिवसभर पायांवर असायची, वर्षाला दोन जोड झिजवायची. तिच्या बुटांच्या चार खोक्यांत ती कार्डं मावली होती. आणि त्या खोक्यांत काय होतं म्हणून सांगावं! इंग्रजीत जागा म्हणजे अधिकार. पहिल्या खुर्चीत बसेल तो कर्ता, क्रियापदानंतर येईल तो बिचारा ज्याच्यावर क्रिया होते तो. दोघांच्या जागा बदला, की मारणारा मार खातो आणि मार खाणारा मारतो. चेकमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक नामाला आपापली शेपटी असते, आपल्याकडे 'ने' आणि 'ला' असतात तशी. त्यामुळे कुणी कुठेही बसला तरी शेपटीवरून ओळखू येतो. मग जागा मोकळ्या होतात, आणि त्या मोकळ्या जागांतून बोलणाऱ्याचं मन दिसायला लागतं. ठाऊक आहे ते आधी सांगायचं, नवं आणि वजनाचं आहे ते शेवटी. हे तिला पहिल्यांदा नीट उमगलं त्या दुपारी ती खुर्चीवरून उठून त्या अरुंद खोलीत येरझारा घालत राहिली होती, आणि घरी गेल्यावर ताईला म्हणाली होती, "ताई, माणसं वाक्याच्या शेवटी खरं बोलतात." ताई पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. "आमचे रोगी बिल भरायच्या वेळी बोलतात," ती म्हणाली.

खोकी तिने सरांना वाचायला दिली. ते तिचे मार्गदर्शक, द्यायला नकोत? "बघतो हं, पोरी," असं म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली, आणि पुढचं दीड वर्ष ते बघतच होते. कधी परिषद, कधी पाठदुखी, कधी परीक्षांचे गठ्ठे. तिला शंका म्हणून आली नाही. उलट दयाच यायची, कारण सरांना चेक येत नाही हे गुपित तिला माहीत होतं. व्याकरणाचे तक्ते त्यांना पाठ होते, पण चेक देशातून एखादं पत्र आलं, की दार लोटून घेऊन ते हळूच म्हणायचे, "जरा वाचून दाखव ना, चष्मा विसरलोय." चष्मा नाकावर असायचा. मग एके दिवशी ग्रंथालयाच्या नव्या पुस्तकांच्या फळीवर हेच राखाडी पुस्तक उभं दिसलं. तिने उभ्या उभ्याच चाळलं. तिची कार्डं, तिच्याच क्रमाने, टिपणांमधल्या तिच्या लाडक्या शब्दांसकट. आभारात सरांनी पत्नीचे आभार मानले होते, टंकलेखकाचे मानले होते, ग्रंथालयाच्या शिपायाचेही मानले होते. ती सरळ त्यांच्या खोलीत गेली. तेव्हा आपण काय बोललो हे तिला पुढे कधीच धड आठवलं नाही. सर काय बोलले ते मात्र शब्दाशब्दाला आठवत राहिलं. "हे बघ पोरी, आता तू प्रबंध दिलास तर लोक म्हणतील माझ्या पुस्तकावरून उतरवलास. विषय बदल. तू हुशार आहेस, दुसरं काहीही करशील." सगळं कसं काळजीच्या सुरात. चोराच्या उलट्या बोंबा असत्या तरी परवडलं असतं. ही तर चोराने पाठीवरून फिरवलेली मायेची बोटं होती. तिने विषय बदलला नाही. विद्यापीठच सोडलं.

पाकीट आलं त्या दिवशी ती घरी आली तेव्हा ताई शेंगा सोलत बसली होती. आता निवृत्त झाली होती, गुडघे कुरकुरायचे, पण जीभ होती तशीच होती. पुस्तक तिच्या पुढ्यात टाकून तिने सगळं सांगितलं. ताईने ओल्या हाताने मुखपृष्ठ उलटं करून ठेवलं. "परत पाठव."

"नाही पाठवणार."

"अगं, तेवीस वर्षं तू तेच दळण दळतेयस. जात्यात आता दाणासुद्धा उरला नाही, नुसता दगडावर दगड फिरतोय. लग्नाचं विचारलं की सर, नोकरी बदल म्हटलं की सर. त्या माणसाने तुझी खोकी नेली, बाकीचं तूच नेऊन दिलंस त्याला."

हे तिला लागलं, कारण ते बरंचसं खरं होतं. ती म्हणाली, "म्हणूनच परत आणायचंय."

"काय करणार आहेस?"

"भाषांतर," ती म्हणाली. ताईने तिच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. "रुग्णालयात असं बोलणाऱ्या माणसाजवळ आम्ही सुई ठेवत नसू."

तीन महिने ती त्या कामात बुडाली. रोज सकाळी कचेरीत सगळ्यांच्या आधी येऊन बसायची. पहिली सहा प्रकरणं तिने इमानाने केली, आणि त्यातच मोठी शिक्षा होती. स्वतःचीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडची म्हणून वाचायची, दुसऱ्याच्या तोंडची म्हणून पुन्हा स्वतःच लिहायची. जिथे सरांनी तिचा मुद्दा न कळल्यामुळे गढूळ करून ठेवला होता, तिथे तिचा हात आपसूक तो निवळून टाकायचा. मग ती चिडून वाक्य पुन्हा गढूळ करायची, आणि ते काही बघवायचं नाही, म्हणून परत निवळायची. आपण चोराच्या घराला रंग देतो आहोत, असं तिला वाटे. पण पुढे सातवं प्रकरण होतं, आणि सातव्या प्रकरणाची ती वाट पाहत होती, जेवताना शेवटच्या घासासाठी आवडता पदार्थ ताटात बाजूला ठेवावा तशी. ते प्रकरण चेकमधल्या शब्दक्रमाचं. त्यात एकोणीस उदाहरणं फक्त चेकमध्ये होती, शेजारी इंग्रजी नाही. मुळात ती साधीसुधी होती: कुत्र्याने मांजराचा पाठलाग केला, मावशीने पत्र उघडलं. तिने ती एकोणीसच्या एकोणीस काढून टाकली आणि त्या जागी आपली घातली. व्याकरणाचा मुद्दा तोच, वाक्यं वेगळी. प्राध्यापकाच्या खोलीत एक कपाट होतं. कपाटात चार खोकी होती. खोकी विद्यार्थिनीने दिली होती. प्राध्यापकाला ती भाषा वाचता येत नव्हती. अशी एकेक वीट. सुटी सुटी वाचली तर उदाहरणं, एकाखाली एक वाचली तर सगळी हकिकत. आणि एकोणिसावं: प्राध्यापकाने लुटलं विद्यार्थिनीला.

ते टाईप करून तिने सगळं वरपासून पुन्हा वाचलं. सरांकडे शेवटची मुद्रितं जातील, ते चष्मा लावून पानं उलटतील, विद्वानासारखी मान हलवतील आणि सही करतील. मग पुस्तक निघेल. तिकडचे अभ्यासक ते उघडतील. कुणी तरी सातव्या प्रकरणाशी थांबेल, मागे जाऊन पुन्हा वाचेल, शेजाऱ्याला बोलावेल. कुणी हसेल, कुणी चौकशी करेल. आणि सर मात्र हारतुरे घेत हिंडत असतील, शाळेत पोरं एखाद्याच्या पाठीला नकळत चिठ्ठी डकवतात तशी ही चिठ्ठी पाठीवर घेऊन. त्यांना कळायला नको हीच त्यातली गोडी होती. कळल्यावर माणूस बचाव करतो, रडतो, आजारी पडतो. न कळता उघडं पडण्यावर उतारा नसतो. भाजी निवडताना, बसची वाट पाहताना, साहेब नव्या पंपाबद्दल काही सांगत असताना ती हे चित्र काढून बघायची, पुन्हा नीट घडी करून आत ठेवायची. आपली नोकरी यात जाईल हे तिला कळत होतं. कचेरीच्या नावाने गेलेल्या कामात असला घातपात! पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला सकाळी उठल्याबरोबर भूक लागत होती.

मुद्रितं पाच आठवड्यांनी परत आली. संपादिकेने वर लिहिलं होतं, "लेखकांनी तपासून दिली आहेत, किरकोळ एकच दुरुस्ती आहे." सहा प्रकरणं तिने भराभर उलटली. कुठे टिंबसुद्धा नव्हतं. सातव्याच्या शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीचा एक दुतोंडी बाण होता, कापऱ्या हाताने काढलेला. एकोणिसाव्या वाक्यातले 'प्राध्यापक' आणि 'विद्यार्थिनी' हे शब्द गोल करून बाणाने त्यांच्या जागा बदलल्या होत्या. म्हणजे वाक्य असं झालं: विद्यार्थिनीला लुटलं प्राध्यापकाने. समासात चेकमध्ये चारच शब्द होते. मंगळवारी सकाळी घरी असतो.

तिला आधी काहीच वाटलं नाही. कुणी तरी झेरॉक्सच्या यंत्राचं झाकण आपटलं, आणि तेव्हा तिने तो बाण पुन्हा पाहिला. त्यांनी वाचलं होतं. समजून वाचलं होतं. आणि दुरुस्ती बरोबर होती! लगतची आधीची वाक्यं विद्यार्थिनीबद्दल बोलत असताना ती ठाऊक झालेली होती, तिला आधी घ्यायचं, आणि वजन ज्याच्यावर टाकायचं त्याला शेवटी. हे पहिल्या कार्डावर लिहिणारी ती स्वतः. आणि ऐन मोक्याच्या वाक्यात तिने कर्ता आधी टाकला होता, इंग्रजीसारखा, पंपाच्या माहितीपत्रकासारखा. वापरणाऱ्याने झाकण घट्ट बंद करावे. बावीस वर्षांत तिच्या चेकची ही दशा झाली होती, आणि ती दाखवून दिली कुणी, तर त्यांनी. खोकी नेली, पदवी नेली, आता सूडही वाचून, तपासून, दुरुस्त करून परत पाठवला. तिने साहेबांना न विचारता मंगळवारची रजा टाकली.

तिसऱ्या मजल्यावर दार सरांच्या पत्नीने उघडलं. "तुम्ही भाषांतरवाल्या ना? या, या. सकाळपासून दाढी करून बसलेत, चहासुद्धा घेतला नाही." आतल्या खोलीत खिडकीशी टेबल होतं आणि टेबलामागे एक आक्रसलेला म्हातारा. स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. तिने मनात धरलेला माणूस छपन्न वर्षांचा होता, रुंद खांद्यांचा. एवढ्याशा माणसावर एवढा राग कुठे ठेवायचा, असा एक विचार येऊन गेला. तो तिने परतवून लावला.

"बस," सर म्हणाले. "चौथ्या वाक्यालाच ओळखलं तुला."

"तुम्हाला वाचता येत नव्हतं."

"शिकलो. पुस्तक आलं आणि जिथून तिथून बोलावणी यायला लागली. तिकडचे पाहुणे भेटायला यायचे. एखाद्याने चार वाक्यं सरळ विचारली असती तर पितळ उघडं पडलं असतं. छपन्नाव्या वर्षी पोरासारखी घोकंपट्टी केली. आवडीने नाही, भीतीने." त्यांनी स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या. "नंतर आवडायला लागली. ते जास्त वाईट होतं. तुझी टिपणं मला तेव्हा कुठे कळली."

"आणि बाण कशाला काढलात? माझी चूक दाखवायला?"

"चूक होती."

"तुम्ही मला व्याकरण शिकवताय? तुम्ही?"

"ओरडू नकोस, ती ऐकेल." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तू लिहिलंस त्यात सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे जातं. लोक हळहळतील, अरेरे म्हणतील. मी आपला वाक्याच्या दारातच उभा, केव्हाही सटकणार. शेवटी ठेवलंस तर सुटत नाही."

हे बोलणं चांगलं होतं, आणि म्हणूनच तिला ते नको होतं. इतकं सुबक बोलून हा माणूस पुन्हा काही तरी पदरात पाडून घेत होता, यावेळी कबुलीचा मान. तिने पर्समधून कोरे कागद काढून त्यांच्यासमोर ठेवले. "उदाहरणं मी काढून टाकते. जुनी कुत्रीमांजरं परत घालते. तुम्ही प्रस्तावना लिहा. दोन्ही भाषांत. आत्ता."

"छापायला तू देशील?"

"तुम्ही द्याल. संपादिकाबाईंना फोनही तुम्हीच कराल, माझ्यासमोर."

"घरात काही माहीत नाही, पोरी."

"कळेल."

त्यांनी पेन घेतलं. आधी इंग्रजीत लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. या पुस्तकातली सामग्री एका विद्यार्थिनीच्या कामातून घेतली गेली होती. तिने वाचलं. "कोणी घेतली?"

"कळतंच की."

"कळत नाही. पुन्हा."

मग त्यांनी चेकमध्ये प्रयत्न केला. त्या भाषेत एक इवलासा शब्द आहे. तो क्रियापदाजवळ ठेवला, की काम जणू आपलं आपणच होतं, करणारा लागत नाही. कप फुटला म्हणतो ना आपण, तसं. त्यांनी लिहिलं, चोरी झाली. तिने कागद परत ढकलला. "चोरी होत नसते, सर. करावी लागते. पुन्हा."

कागद टेबलावरून खाली पडला, तो त्यांनी खुर्चीचा हात धरून, कष्टाने वाकून उचलला. तिने पाहिलं, आणि पाहत राहिली, आधार द्यायला बोटही पुढे केलं नाही. तिसऱ्या कागदावर इंग्रजी 'मी' आला, ते एकटं, काठीसारखं उभं अक्षर, जे कुठेही लहान लिहिता येत नाही. मी चोरलं. खाली चेकमध्येही तेच, पण 'मी'वाचून.

"इथे 'मी' राहिला."

"चेकमध्ये लागत नाही. क्रियापदावरून कळतो. तुलाच—"

"माहीत आहे. जोर द्यायचा असेल तर लिहितात. लिहा."

त्यांनी लिहिला. मग फोन उचलला. पलीकडे संपादिका बराच वेळ काही विचारत राहिली असावी, कारण सर नुसते "हो", "हो, मीच", "नाही, तब्येत ठीक आहे" एवढंच म्हणत होते. त्यांची पत्नी चहा घेऊन आली ती दारातच थबकली. "काय झालं? कोणी काय चोरलं?" सरांनी फोन खाली ठेवला. "सांगतो," ते म्हणाले. "यांचं काम होऊ दे, मग सांगतो." पत्नीने एकदा त्यांच्याकडे, एकदा हिच्याकडे पाहिलं. कप टेबलावर ठेवले, चहा बशीत सांडला तरी पुसला नाही, आणि ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही. पत्नी आत उभी राहून ऐकत होती.

आता तिच्या मनातली आग शांत व्हायला हवी होती, ती झाली नाही. नुसतीच स्थिर झाली, ज्योत वाऱ्याच्या आडोशाला यावी तशी. तिने कागद ओढून शेवटचं वाक्य वाचलं. हे सारं काम माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे.

"एका म्हणजे कोणाचं? नाव लिहा."

सरांनी पेन टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. निबेखाली शाईचा ठिपका वाढत गेला. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते तिने त्यांच्या कबुलीच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं. ती खरी, निखळ लाज होती. "अक्षर आठवतं तुझं," ते म्हणाले. "त्या खोक्यांवरची बुटांची चित्रं आठवतात. चेहरा तर दारात बघताक्षणी... मी तुला नेहमी पोरीच म्हणायचो ना, त्यामुळे..."

तेवीस वर्षं या माणसाचं नाव ती दात घासताना, जिना चढताना, उशीवर डोकं टेकताना चावत आली होती. आणि त्याच्याकडे तिचं नावच नव्हतं. तो ते कधी लपवत नव्हता, दडपत नव्हता. त्याने ते ठेवलंच नव्हतं. खाली रस्त्यावर कुणी तरी गाडी मागे घेत होतं, त्याची एकसुरी शिट्टी बराच वेळ वाजली आणि थांबली. तिने खुर्ची ओढून टेबलाला लावली.

"लिहा," ती म्हणाली आणि एकेक अक्षर सांगू लागली. तिसऱ्या अक्षराला त्यांचा हात अडला. नीट ऐकू आलं नाही अशी त्यांनी खूण केली. तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा सावकाश, आणि आत स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.